‘हा आमचा बाँड नव्हे’ : एका नकाराचा इतिहास

दिनांक १४ ऑक्टोबर २००५. लंडन. टेम्सच्या पात्रातून नौदलाची एक वेगवान बोट पाणी कापीत येते. बोटीत मरीन दलाचे जवान आहेत आणि त्यांच्यामध्ये गडद सूट घातलेला, सोनेरी केसांचा एक सदतीस वर्षांचा नट. सूटावर त्याने जीवरक्षक जाकीट चढवले आहे. धक्क्यावर छायाचित्रकारांची दाटी झाली आहे. जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी डॅनियल क्रेगची निवड झाल्याची ही अधिकृत घोषणा.

त्यानंतर वृत्तपत्रांत गाजले ते मात्र जाकीट. शार्कच्या तलावातून सहीसलामत बाहेर पडणाऱ्या गुप्तहेराला टेम्स ओलांडताना बुडण्याची भीती वाटते, असा एकूण सूर होता. मग केस निघाले. सोनेरी केसांचा बाँड? मग उंची. मग चेहरा, तो म्हणे देखण्या हेराचा नव्हे, खलनायकाच्या हस्तकाचा होता. गिअरची गाडी त्याला चालवता येत नाही, अशीही एक वावडी उठली. पाहता पाहता ‘क्रेग बाँड नव्हे’ एवढाच घोष असलेले एक संकेतस्थळ उभे राहिले आणि त्यावरून येणाऱ्या चित्रपटावर बहिष्कार घालण्याचे आवाहन झाले. चित्रपटाचे एक दृश्यही तोवर कोणी पाहिले नव्हते.

मित्रहो, आजचा धागा या नकाराविषयी आहे. तो जरा लांबेल. त्याचे कारण असे की हा नकार २००५ मध्ये जन्मलेला नाही. त्याची वंशावळ किमान १९६२ पर्यंत मागे जाते, आणि ती तपासताना साम्राज्य, वर्ग, राष्ट्रीयत्व आणि स्मृती अशा आपल्या नेहमीच्या विषयांशी पुन्हा गाठ पडते.

प्रथम मूळ साधनाकडे वळू. खरा बाँड दिसायला कसा? इयान फ्लेमिंगची ‘कसिनो रोयाल’ ही पहिली कादंबरी १९५३ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली. तीत बाँडचा चेहरा अमेरिकन गायक-संगीतकार होगी कारमायकेलशी ताडून पाहिला जातो. १९५७ च्या ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’मध्ये रशियन गुप्तचर खात्याच्या नस्तीत त्याचे वर्णन सरकारी काटेकोरपणे नोंदवले आहे : उंची १८३ सेंटिमीटर, वजन ७६ किलो, डोळे निळे, केस काळे, उजव्या गालावर व्रण. क्रेगच्या विरोधकांनी या नोंदीतील केस आणि उंची तेवढी उचलली. निळे डोळे क्रेगपाशी होते, पण त्यांचा उल्लेख कोणी करीना. उलट ज्याला सारे जग खरा बाँड मानते त्या शॉन कॉनरीचे डोळे तपकिरी होते, आणि पडद्यावरचे त्याचे ते काळेभोर केस चक्क टोप होता. पहिल्याच चित्रपटापासून. तेव्हा कादंबरीशी इमान राखण्याचा मुद्दा इथेच निकालात निघतो. चाहते बोट दाखवीत होते पुस्तकाकडे. मनात होता तो पडद्यावरचा, आणि तोही आपल्या लहानपणच्या पडद्यावरचा बाँड.

या पात्राच्या जन्मकाळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात ॲडमिरल गॉडफ्री यांचा सहायक होता. युद्धानंतर त्याने जमैकात ‘गोल्डनआय’ नावाचे घर बांधले आणि दर हिवाळ्यात तिथे बसून तो बाँड लिहू लागला. नायकाचे नाव त्याने वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाकडून उसने घेतले. हिंदुस्थान हातचा गेला होता. १९५१ मध्ये बर्जेस आणि मॅक्लीन हे दोन उच्चपदस्थ ब्रिटिश अधिकारी, म्हणजे वस्तुतः रशियाचे हेर, पळून मॉस्कोच्या आश्रयाला गेले होते. ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेची अशी शोभा होत असताना फ्लेमिंग अजिंक्य ब्रिटिश गुप्तहेर रंगवीत होता. १९५६ मध्ये सुएझ प्रकरणात ब्रिटनची नाचक्की झाली आणि प्रकृती ढासळलेले पंतप्रधान अँथनी ईडन विश्रांतीसाठी गेले ते नेमके कुठे? जमैकात, फ्लेमिंगच्या त्याच ‘गोल्डनआय’मध्ये. कादंबरीकाराने असा प्रसंग रचला असता तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित ठरवले असते.

सांगायचा मुद्दा हा की बाँड ही प्रथमपासूनच एक दिलासा देणारी प्रतिमा होती. मावळत्या सत्तेला स्वतःविषयी जे खरे असावेसे वाटत होते, ते त्या सूटात होते. म्हणून तो सूट कोणी घालावा हा प्रश्न एवढा नाजूक ठरत आला.

आणि तो पहिल्यांदा घातला कोणी? एडिंबरोच्या कामगारवस्तीत वाढलेल्या, दूध टाकणाऱ्या, शवपेट्यांना पॉलिश करणाऱ्या, शरीरसौष्ठव स्पर्धांत उतरलेल्या एका स्कॉटिश तरुणाने. निर्माते ब्रोकोली आणि सॉल्ट्झमन यांनी कॉनरीला निवडले तेव्हा पहिली नापसंती खुद्द फ्लेमिंगचीच होती. त्याच्या मनातला बाँड उच्चभ्रू शाळेत शिकलेला, क्लबात वावरणारा होता. दिग्दर्शक टेरेन्स यंगने मग कॉनरीला आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे नेले, आणि चालणे, बोलणे, जेवणे यांचे धडे दिले. सूट अंगवळणी पडावा म्हणून तो घालूनच झोपायला लावले, असेही सांगतात. ‘डॉक्टर नो’चे चित्रीकरण १९६२ च्या आरंभी जमैकात झाले तेव्हा ती ब्रिटिश वसाहत होती. ऑक्टोबरमध्ये लंडनला चित्रपट झळकला तोवर जमैका स्वतंत्र होऊन दोन महिने उलटले होते. पुढे फ्लेमिंगचेही मत पालटले. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या १९६४ च्या कादंबरीत बाँडचे वडील ग्लेन्कोचे स्कॉटिश असल्याचे तपशीलवार येते. त्याचे श्रेय कॉनरीला किती द्यावे यावर अभ्यासकांनी वाद घालावा. माझ्या मते नटाने पात्राचे गोत्र बदलल्याचा एवढा ठळक दाखला क्वचितच मिळेल.

आता या साऱ्या इतिहासातील माझ्या सर्वांत आवडत्या प्रकरणाकडे येते.

१९६६ मध्ये जपानमधील चित्रीकरणात छायाचित्रकारांच्या सततच्या पाठलागाने जेरीस आलेल्या कॉनरीने भूमिका सोडली. पाच चित्रपटांनंतर निर्मात्यांना प्रथमच हा प्रश्न पडला : नट गेला, पात्र राहील काय? आज आपल्याला याचे उत्तर ठाऊक आहे. तेव्हा ते कोणालाही ठाऊक नव्हते, हे ध्यानात ठेवल्याशिवाय १९६९ समजत नाही. रंगभूमीला हा प्रश्न नवा नसतो. डॉ. लागूंचा ‘नटसम्राट’ पाहिलेल्यांनी पुढे दत्ता भटांचाही पाहिला, तुलना केली, आणि नाटक चालू राहिले. चित्रपटात मात्र चेहरा हेच पात्र होऊन बसते. शिवाय कॉनरीचा बाँड जगभर पोहोचलेला होता.

अशा वेळी पुढे आला जॉर्ज लॅझेन्बी. ऑस्ट्रेलियातील गोलबर्नचा, गाड्या विकणारा, मग लंडनमध्ये चॉकलेटच्या जाहिरातींत चमकलेला मॉडेल. चित्रपटात अभिनयाचा अनुभव शून्य. भूमिका मिळवण्यासाठी त्याने जे केले ते एखाद्या हेराला शोभावे : तो कॉनरीच्याच शिंप्याकडे गेला, कॉनरीने न नेलेला एक सूट पैदा केला, केसांची ठेवण तशीच करून घेतली आणि अनुभवाविषयी धडधडीत खोटे बोलून निर्मात्यांच्या कचेरीत शिरला. चाचणीच्या मारामारीत त्याने समोरच्या व्यावसायिक कुस्तीगिराचे नाक फोडले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो बाँड झाला. आजवरचा सर्वांत तरुण.

‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ १८ डिसेंबर १९६९ रोजी लंडनमध्ये प्रदर्शित झाला. या चित्रपटात निर्मात्यांची धास्ती दिसते. श्रेयनामावलीवेळी जुन्या चित्रपटांची दृश्ये झळकतात. बाँड आपल्या टेबलाचा खण उघडून मागल्या मोहिमांतील वस्तू काढून पाहतो. पहिल्याच प्रसंगात, नायिका हातची निसटल्यावर, नवा बाँड जवळजवळ प्रेक्षकांकडे पाहत म्हणतो की आधीच्या त्या दुसऱ्या माणसावर अशी पाळी कधी आली नव्हती. हा विनोद आहे खरा, पण दाखल्यावर शिक्का मारून घेण्याची ती धडपडही आहे.

आणि याच चित्रपटात बाँड लग्न करतो, अन् शेवटी त्याची पत्नी गोळी लागून मरते. नवा, अननुभवी नट आणि मालिकेतील सर्वांत दुःखान्त कथा. त्यातच लॅझेन्बीने प्रदर्शनापूर्वीच भूमिका सोडत असल्याचे जाहीर केले होते. त्याचा सल्लागार रोनन ओ’राहिली याने, म्हणजे ‘रेडिओ कॅरोलाइन’ हे समुद्रावरून चालणारे बंडखोर नभोवाणी केंद्र काढणाऱ्या गृहस्थाने, त्याची समजूत घातली होती की हिप्पींच्या युगात असला सूटबूटवाला सरकारी नोकर टिकणार नाही. लॅझेन्बी पहिल्या खेळाला आला तो दाढी आणि लांब केस राखून. निर्मात्यांच्या चेहऱ्यांची कल्पना करावी! ज्या प्रेक्षकांनी त्याला स्वीकारावे म्हणून एवढा खटाटोप केला, त्यांना तो नट स्वतःच सांगत होता की मी तुमचा बाँड नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘लॅझेन्बीचा चित्रपट आपटला’ असे वाक्य तुम्ही सर्रास वाचाल. ते खरे नाही. चित्रपटाने पैसा मिळवला. कॉनरीच्या आधीच्या चित्रपटांपेक्षा कमी मिळवला, एवढेच. ‘कमी’चे ‘अपयश’ कसे झाले हा स्मृतीच्या इतिहासाचा विषय आहे. १९७१ मध्ये स्टुडिओने बारा लाख पन्नास हजार डॉलर मोजून कॉनरीला परत आणले. त्यासाठी जॉन गॅव्हिन या करारबद्ध अमेरिकन नटाला बाजूला सारले. कॉनरीने ते मानधन स्कॉटिश शिक्षणासाठीच्या न्यासाला दिले, ही गोष्ट वेगळी. पण राजा परतला की मधल्या काळात गादीवर बसलेल्याला तोतया ठरवणे ओघाने येते. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची हकिकत वाचलेल्यांना ही मनोवृत्ती वेगळी समजावून सांगायला नको.

१९६९ च्या सामान्य चाहत्याला नेमके काय वाटले हे आपल्याला कळते कुठून? बव्हंशी समीक्षकांच्या लेखांतून. लंडनच्या चित्रपटगृहातून बाहेर पडताना कोणी हळहळले असेल, कोणाला पत्नीच्या मृत्यूने रडू आले असेल, त्याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. २००५ चा चाहता या दृष्टीने सुदैवी. त्याला महाजाल मिळाले. ट्विटर तेव्हा जन्मायचे होते, फेसबुक विद्यार्थ्यांपुरते होते. तरी त्याने आपला राग स्वतःच्या शब्दांत नोंदवला. म्हणून क्रेगविरोधी मोहीम मला मोलाची वाटते. तिची मते मोलाची आहेत असे नव्हे. तिचा आवाज कोणाच्या मध्यस्थीविना आपल्यापर्यंत पोहोचला म्हणून.

मधली वर्षे झपाट्याने ओलांडू. १९७३ मध्ये रॉजर मूर आला. त्याने कॉनरीची नक्कल करण्याऐवजी भुवई उंचावून हसायचे ठरवले आणि सात चित्रपट निभावले. हा पहिला इंग्रज बाँड. होय, पहिला : त्याआधीचा एक स्कॉटिश, दुसरा ऑस्ट्रेलियन. पुढचा टिमोथी डाल्टन वेल्समध्ये जन्मलेला, त्यानंतरचा पिअर्स ब्रॉस्नन आयरिश. ब्रिटिशपणाचा हा अर्क बहुधा इंग्लंडच्या बाहेरूनच आयात होत आला. आणि ज्याला ‘हा बाँडच नव्हे’ म्हणून सर्वाधिक हिणवले गेले तो क्रेग मात्र चेस्टरचा, अस्सल इंग्रज. १९८३ हे वर्ष तर गमतीचे. हक्कांच्या जुन्या तंट्यातून वेगळ्या निर्मात्याने कॉनरीलाच घेऊन ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ काढला, आणि त्याच वर्षी मूरचा ‘ऑक्टोपसी’ आला. एका वर्षात दोन बाँड. तिकीटबारीवर मूर पुढे राहिला, आणि मूळ बाँड सदैव जिंकतो हा समज तिथेच खोटा पडला.

‘ऑक्टोपसी’शी आपलाही संबंध आहे. उदयपूरचे सरोवर, कबीर बेदी, विजय अमृतराज, आणि गारुडी, फकीर, निखारे यांची इंग्रजी मनातली जत्रा. आज तो पाहताना मला अवघडायला होते. माझ्या मामाला होत नाही. त्याने तो कोवळ्या वयात पाहिला, आणि पडद्यावर आपला देश अन् आपला टेनिसपटू पाहून सारे प्रेक्षागृह टाळ्या वाजवीत होते असे तो सांगतो. मामाच्या लेखी बाँड म्हणजे रॉजर मूर. कॉनरी उग्र, डाल्टन रडका, ब्रॉस्नन ठीक, आणि क्रेग? ‘तो बाँडला मारायला पाठवलेला माणूस वाटतो.’ लंडनच्या वृत्तपत्रांतला आक्षेप, एकही वृत्तपत्र न वाचता, मामाने स्वतंत्रपणे शोधून काढला होता.

पुन्हा २००५ कडे. विरोधकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे, कारण विजेत्यांच्या इतिहासात ती केवळ हास्यास्पद ठरते. त्यांतील अनेकांचा राग क्रेगवर नव्हताच. ब्रॉस्ननच्या चारही चित्रपटांनी उत्तम धंदा केला होता. २००२ चा ‘डाय अनदर डे’ तर कमाईत त्याच्या आधीच्या तिन्हींच्या पुढे होता. असा नट कसलाही निरोपाचा चित्रपट न देता बाजूला केला गेला. चाहत्याला वाटले, हे घर आपलेही आहे आणि आपल्याला न विचारता भिंत पाडली. मालकी कायद्याने निर्मात्यांची, आपलेपणा मात्र प्रेक्षकांचा. लोकप्रिय संस्कृतीतील बहुतेक भांडणे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात होतात. शिवाय निर्माते ‘कसिनो रोयाल’पासून सारे नव्याने सुरू करणार होते. म्हणजे आधीचे वीस चित्रपट पुसून बाँड पुन्हा नवशिका होणार. सोनेरी केसांवरचा राग हा त्या पुसण्यावरचा राग होता, असे माझे मत आहे. चार दशकांची आठवण रद्द होत असल्याचे दुःख शब्दांत मांडणे अवघड. केसांचा रंग बोट दाखवायला सोपा.

१४ नोव्हेंबर २००६ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये ‘कसिनो रोयाल’चा पहिला खेळ झाला. राणी एलिझाबेथ उपस्थित होत्या. कृष्णधवल आरंभ, घामाघूम झालेला, भिंतीतून थेट घुसणारा, चुका करणारा, मार खाणारा बाँड. ११ सप्टेंबर आणि इराक युद्धानंतरच्या प्रेक्षकांना हिमनगातले राजवाडे आणि अदृश्य मोटारी खोट्या वाटू लागल्या होत्या. हा रक्ताळलेला माणूस पटला. चित्रपटाने जगभरात सुमारे साठ कोटी डॉलर मिळवले. ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन क्रेगला मिळाले. बाँडच्या भूमिकेसाठी असे कोणालाही पूर्वी मिळाले नव्हते. बहिष्काराचे संकेतस्थळ क्रमाने विनोदाचा विषय झाले. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी राणीला राजवाड्यातून घेऊन निघणारा बाँड म्हणून ब्रिटनने साऱ्या जगापुढे उभा केला तो हाच, सोनेरी केसांचा.

लॅझेन्बीलाही न्याय मिळाला, जरा उशिरा. ख्रिस्तोफर नोलनने त्याच्या चित्रपटाला आपला आवडता बाँडपट म्हटले. आणि २०२१ मध्ये क्रेगच्या ‘नो टाइम टू डाय’ या अखेरच्या चित्रपटात लुई आर्मस्ट्राँगने गायलेले १९६९ चे ते गाणे पुन्हा वाजले. दोन नाकारलेल्या बाँडांची अशी एका सुरात भेट झाली. त्या वेळी मी चित्रपटगृहात रडले, हे इतिहासाच्या विद्यार्थिनीने सांगू नये, पण सांगते.

कारण माझा बाँड क्रेग आहे. २००५ मध्ये मी बालवाडीत होते. ‘स्कायफॉल’ मी बाराव्या वर्षी पाहिला, आणि तेव्हापासून बाँडला थकलेले खांदे आणि निळे डोळे असतात. २०२५ मध्ये मालिकेचे सर्जनात्मक नियंत्रण ब्रोकोली कुटुंबाकडून ॲमेझॉनकडे गेले आणि दिग्दर्शनासाठी डेनी व्हिलनव्हचे नाव जाहीर झाले. नव्या नटाविषयी तर्क सुरू झाले. एका रात्री संभाव्य नावांची छायाचित्रे पाहत होते. एकाचा चेहरा फार कोवळा, दुसऱ्याचा फार गुळगुळीत, तिसरा तर जाहिरातीतला मॉडेल. तिसऱ्याशी पोहोचल्यावर थांबले. जाहिरातीतला मॉडेल! लॅझेन्बीविषयी हेच शब्द वापरणाऱ्या समीक्षकांवर मी नुकतीच एका टिपणात टीका केली होती.

ते टिपण अजून मार्गदर्शकांना दाखवलेले नाही. मामाला मात्र फोन केला. नवा बाँड येतोय म्हटले. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, ‘हसतो का गं तो? हसत असेल तर सांग, येतो मी.’